शुगर आहे? मग चप्पल काढा, पाय दाखवा : पायाच्या नसांची तपासणी कशी होते, घरी काय बघायचं

धाराशिव : शुगरचा पेशंट दवाखान्यात गेला की बोटातून रक्त काढतात, बीपी बघतात, गोळ्या लिहून देतात. पाय मात्र चपलेतच राहतात. पाय दुखत नसतो म्हणून पेशंट काही सांगत नाही, आणि बाहेर रांग लागलेली असते म्हणून डॉक्टरही विचारत नाहीत. मधुमेहात पाय जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने. तो दुखत नाही म्हणून.

आपल्या आठही तालुक्यांत बहुतेक लोकांचा दिवस रानात जातो. तुरीची, ज्वारीची धसकटं, सराटे, बाभळीचे काटे, तापलेली काळी माती, पावसाळ्यात चिखल. धडधाकट माणसाच्या पायात काटा मोडला तर तो बांधावर बसून लगेच काढतो. ज्याच्या पायाच्या नसा शुगरने बधिर झाल्यात, तो तोच काटा घेऊन संध्याकाळपर्यंत चालतो. घरी आल्यावरही कळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मोज्याला किंवा चादरीला डाग दिसतो, वास येतो, तेव्हा घरातल्यांचं लक्ष जातं.

हा बधिरपणा आधीच ओळखता येतो. तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे, सुई टोचावी लागत नाही, आणि तिचा एक सोपा प्रकार तर घरातलं कुणीही करू शकतं.

बधिरपणा येतो कसा

रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होत जातात. सगळ्यात लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या. म्हणून त्रास आधी बोटांच्या टोकाला सुरू होतो, दोन्ही पायांना साधारण सारखाच, आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. गुडघ्याच्या आसपास आला की मग हाताच्या बोटांनाही जाणवू लागतो.

काहींना तळपायाची आग होते, रात्री जास्त. मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं. गादीवर किंवा कापसावर चालतोय असं वाटतं. आपल्याकडे याला 'अंगात उष्णता वाढली' म्हणतात आणि काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळतात. चोळल्याने बरं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्यावर थांबू नका. आधी शुगर तपासा. आणखी एक खूण लक्षात ठेवा. चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, असं झालं असेल तर ती विसरभोळेपणाची गोष्ट समजू नका.

पण लक्षणांची वाट बघणं धोक्याचं आहे. नसा खराब झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना काहीच त्रास जाणवत नाही. आग नाही, मुंग्या नाहीत. पाय 'चांगला' वाटतो, कारण तो बोलायचाच बंद झालेला असतो. कधी कधी आधी आग होत असते आणि नंतर थांबते. माणूस खूश होतो, की गोळी लागू पडली. प्रत्यक्षात नस आणखी मेलेली असू शकते.

शुगर स्पर्शाच्या नसांवरच थांबत नाही. पायातल्या बारीक स्नायूंच्या नसा गेल्या की बोटं आत वळतात, पंजाचा आकार बदलतो आणि सगळं वजन एक-दोन ठिकाणी येतं. तिथे घट्टा किंवा भोवरी तयार होते. घामाच्या नसा गेल्या की पाय कोरडा पडतो, टाचेला खोल भेगा पडतात. घट्ट्याच्या खाली आतल्या आत जखम होते, वरून फक्त कडक कातडी दिसते. शुगरमुळे ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांच्यातल्या दहापैकी आठांहून अधिक जणांना आधी अशीच एखादी छोटी जखम झालेली असते.

दवाखान्यात नेमकं काय बघतात

मुख्य तपासणी नायलॉनच्या दोऱ्याची. तिला मोनोफिलामेंट म्हणतात. दिसायला ब्रशच्या एका जाड केसासारखा, मुठीला बसवलेला. तो कातडीवर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडल्यावर वाकतो. आधी तो हाताला लावून दाखवतात, म्हणजे काय जाणवायला पाहिजे ते पेशंटला कळतं. मग डोळे मिटायला सांगतात. अंगठ्याच्या खाली आणि चवड्यावर दोन-तीन जागी दोरा टेकवतात, आणि विचारतात : जाणवलं का? कुठल्या पायाला? मध्येच एकदा दोरा न लावताच विचारतात. उगाच 'हो, हो' म्हणणारा तिथे सापडतो. घट्ट्यावर हा दोरा लावत नाहीत, कारण तिथे चांगल्या पायालाही कमीच कळतं.

दुसरी तपासणी कंपनाची. १२८ हर्ट्झचा लोखंडी चिमटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगात नादकाटा बघितला असेल, तोच हा. थरथर जाणवते का आणि कधी थांबली, हे सांगायचं असतं. काही डॉक्टर छोट्या हातोडीने टाचेच्या वरची शीरही ठोकून बघतात.

नसांसोबत रक्तपुरवठाही बघावा लागतो. पंजाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवून नाडी लागते का ते पाहतात. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर ते आवर्जून सांगा. बिडी, तंबाखू खाणाऱ्यांनी तर सांगाच, कारण तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात. बधिर पाय आणि कमी रक्त, हे दोन्ही एकत्र आलं की जखम भरायला फार जड जातं.

आणि शेवटी, साध्या डोळ्यांनी पाय बघणं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, नखांच्या कडा, टाचेच्या भेगा, लाली, सूज. यंत्र नसलं तरी एवढं कुठल्याही दवाखान्यात होतं.

गावोगावच्या मोफत शिबिरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथे बहुतेक वेळा बायोथेसिओमीटर नावाचं यंत्र असतं. त्याची थरथरणारी काडी पायाला लावतात आणि व्होल्टमध्ये आकडा देतात. साधारण २५ च्या वर आकडा गेला तर जखम होण्याचा धोका जास्त मानतात. यंत्र चांगलं आहे. पण आकड्याची चिठ्ठी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं पाकीट हातात देऊन पेशंटला पाठवून दिलं, त्याच्या बेचक्यात कुणी बघितलंच नाही, तर त्या तपासणीचा उपयोग अर्धाच. शिबिरात गेलात तर आकड्याचा अर्थ विचारा, आणि 'आता पुढे कुठे जाऊ' हेही विचारा.

घरी करायची सहा बोटांची तपासणी

इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी २०११ साली एक साधी पद्धत मांडली. दोरा नाही, यंत्र नाही, फक्त आपलं बोट. दोऱ्याच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावर तिचा निकाल बराच जुळला, म्हणून ती आता जगभर वापरतात.

पेशंटला खाटेवर पाय लांब करून झोपवा, पाय उघडे. आधी उजव्या पायाला हात लावून 'हा उजवा', डाव्याला लावून 'हा डावा' असं सांगा. आता डोळे मिटायला सांगा. तुमच्या पहिल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या बोटाच्या टोकाला अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. क्रम असा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि डावं मधलं बोट. नाही कळलं तर त्याच बोटाला परत लावून बघायचं नाही.

सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. घाबरून जायचं कारण नाही, पण त्या आठवड्यात दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना हेच शब्द सांगायचे : 'घरी बोट लावून बघितलं, इतक्या बोटांना कळलं नाही.' सहाही बोटांना कळलं, तरी वर्षाची तपासणी टाळायची नाही. नातवंडं हे काम चांगलं करतात, त्यांना खेळ वाटतो. आजी-आजोबा मात्र डोळे किलकिले करून बघतात, तेवढी नजर ठेवा.

किती वेळा करायची

मोठ्या वयात होणारा मधुमेह, म्हणजे टाइप २, सापडला त्याच वेळी पहिली तपासणी व्हायला हवी. कारण तो सापडायच्या आधी कित्येक वर्षं अंगात असू शकतो. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरुवात करतात. पुढे सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. जाणीव कमी झाली असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर सहा महिने ते वर्षभरात. बधिरपणासोबत पायाचा आकार बदलला असेल किंवा रक्तही कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांत. आणि बधिर किंवा कमी रक्ताच्या पायाला पूर्वी जखम होऊन गेली असेल, बोट कापलेलं असेल किंवा किडनी निकामी झाली असेल तर एक ते तीन महिन्यांत. जुनी जखम भरली म्हणून हा शेवटचा गट मोकळा होत नाही. पुन्हा जखम होण्याचा धोका त्यांनाच सगळ्यात जास्त.

प्रत्येक बधिर पाय शुगरचाच असतो असं नाही

मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पाय बधिर होतात. माळकरी, शाकाहारी माणसाला ही शक्यता जास्त. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि भरून काढता येतं. मनाने गोळी मात्र बंद करू नका. दारूनेही नसा जातात. एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल तर मणक्याचा त्रास असू शकतो.

कुष्ठरोगाचंही नाव घ्यायला लाजायचं कारण नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या चट्ट्यावर स्पर्श न कळणं, कोपराजवळची नस जाड लागणं, हे दिसलं तर लगेच दाखवा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि आजार पूर्ण बरा होतो. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात तळहात-तळपायाला मुंग्या येतात का, जखमा होतात का, हे विचारलेलं असतं. त्या वेळी 'काही नाही, लिहा सगळं नाही' म्हणून त्यांना वाटेला लावू नका.

खरं तर मधुमेहाच्या पायाबद्दल आज जे कळलंय, त्यातलं पुष्कळसं कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकवलं. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ पासून कुष्ठरुग्णांवर काम केलं. बोटं आजाराने 'झडत' नाहीत, वेदना नसल्यामुळे पुन्हा पुन्हा लागून खराब होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. रात्री झोपेत उंदीर बधिर बोटं कुरतडतो आणि माणसाला जाग येत नाही, हेही तिथलंच निरीक्षण. आपल्याकडे धान्याच्या खोलीत झोपणाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. पुढे १० ग्रॅमच्या दोऱ्याची मर्यादाही अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात १९८६ च्या सुमारास ठरली. बधिर पायाला वापरतात ती एमसीआर रबरची मऊ चप्पलही कुष्ठरोगाच्या कामातूनच आली.

महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत २००४ च्या सुमारास 'स्टेप बाय स्टेप' हा उपक्रम उभा केला. एक डॉक्टर आणि एक नर्स अशी जोडी, दोघांना पाय बघायचं प्रशिक्षण, सोबत साधी साधनं. मोठं यंत्र लागत नाही, पाय बघायची सवय लागते, हे त्यातून दिसलं. देशाचा आकडा बघितला तर ती सवय किती गरजेची आहे ते कळतं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं. एवढ्यांचे पाय शहरातले तज्ज्ञ बघू शकणार नाहीत, ते गावातच बघावे लागतील.

आपल्या भागात पाय कुठे सापडतो

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. तुळजापूरला पायी जाणारेही हजारो. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडी वेचायला माणूस उन्हातान्हात जातो. हा श्रद्धेचा विषय आहे, नवस मोडा म्हणणं आमचं काम नाही. पण ज्याला सहा बोटांच्या तपासणीत स्पर्श कळला नाही, त्याने डांबरी रस्त्यावर अनवाणी चालू नये, एवढं स्पष्ट सांगावं लागेल. तापलेल्या डांबराने फोड आलेला त्याला कळत नाही. पायऱ्यांपर्यंत चप्पल घालून जा, दर्शन घेऊन आल्यावर सावलीत बसून तळवे बघा.

टाचेच्या भेगेला बिब्बा लावणं, भोवरी ब्लेडने कापणं, कॉर्नची पट्टी चिकटवणं, मीठ टाकलेल्या कढत पाण्यात पाय सोडून बसणं, थंडीत शेकोटीला तळवे धरणं. शुगरवाल्याने हे सगळं सोडायचं. बिब्ब्याने कातडी जळते, आणि कॉर्नच्या पट्टीतलं औषधही कातडी खाणारंच असतं. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला हात घालायला सांगा. गाडीवर मागे बसताना सायलेन्सरपासून पाय लांब ठेवा. बायकांनी जोडवी घट्ट झाली आहेत का ते बघा. बोट सुजलं तर काढून ठेवा, त्यात अपशकुन काही नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. वाशी, भूम, कळंब भागातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने गोळ्या तुटतात. फडात पाचटाखाली उसाचे बुडखे लपलेले असतात, ते चपलेतूनही घुसतात. निघण्याआधी पाय दाखवून घ्या, जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, जुने कागद पिशवीत ठेवा. कारखान्याच्या भागातही सरकारी दवाखाना आहेच, तिथे तो कागद चालतो.

चपलेबद्दल थोडं. अंगठ्यात अडकवायची रबरी चप्पल बधिर पायाला वाईट, ती बेचक्यात घासते आणि निसटते. मागे पट्टा असलेली, पुढे रुंद, आतून अंगठ्याने दाबली तर दबणारी आणि खालून काटा घुसणार नाही इतकी टणक, अशी घ्या. घालायच्या आधी झटकून आत हात फिरवा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि पाय बघा. रोज रात्री पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यात मात्र नाही. तळवा वाकून दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढून बघा.

मेलेली नस पुन्हा जिवंत करणारं खात्रीचं औषध आज नाही. आग कमी करायच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या त्रासासाठी उपयोगी आहेत, पण त्यांनी स्पर्श परत येत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आटोक्यात ठेवणं हाच पुढचं नुकसान हळू करायचा मार्ग.

कुठे जायचं, आणि कधी थांबायचं नाही

गावातलं उपकेंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि धाराशिवचं शासकीय रुग्णालय. मोठ्या रुग्णालयात असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत शुगर-बीपीचे पेशंट बघतात, केसपेपर काढताना 'एनसीडी' म्हणून विचारा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही.

पायाला कसलीही जखम दिसली, दुखत नसली तरी, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा, त्या पायावर चालणं बंद करा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. हळद, चुना, शेण, तंबाखू काही भरू नका. जखमेवर वजन पडत राहिलं तर नुसत्या अँटिबायोटिकने ती भरत नाही.

बोट काळं पडलं, जखमेला वास येतोय, लाली वर चढतेय, ताप किंवा थंडी भरून आली, शुगर एकदम वाढली, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता निघा, १०८ ला फोन करा. आणि जखम नसताना एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतोय, तर मुरगळला म्हणून चोळत बसू नका. बधिर पायात आतली हाडं मोडायला लागली की असंच होतं. त्याला शारको फूट म्हणतात. पायावर भार न देता, गाडीत बसवून, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.